कुरकुरीत मासळी : तव्यावरचा पाण्याचा हिशेब

मासळी तळण्याच्या कृती घरोघरी वेगळ्या असतात; तक्रारी मात्र बहुधा एकसारख्याच ऐकू येतात. आवरण तव्याला चिकटते, तुकडी उलटताना मोडते, तव्यावरून उतरवताना खुसखुशीत वाटलेली मासळी पानात येईपर्यंत मऊ पडते. याचे खापर कधी तव्यावर, कधी रव्यावर, तर कधी करणाऱ्याच्या हातावर फोडले जाते. वस्तुतः या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच घटक आहे आणि तो म्हणजे पाणी. माशाच्या अंगचे पाणी, वाटणातले पाणी आणि रव्याने दमट हवेतून शोषलेले पाणी, या तिहींचा हिशेब ज्याला जमला त्याची मासळी कुरकुरीत होते. हाच हिशेब मासळीच्या व पिठाच्या साठवणुकीत, त्यांवर येणाऱ्या किडींत आणि खाणाऱ्याच्या आरोग्यातही निर्णायक ठरतो. शेततळ्यातील मासे थेट ग्राहकाला विकू पाहणारे शेतकरी आणि तळलेल्या मासळीचा लहानसा व्यवसाय करू इच्छिणारे बचत गट यांच्या दृष्टीने म्हणूनच हा विषय स्वयंपाकघरापुरता मर्यादित राहत नाही.

तेलात सोडलेल्या तुकडीभोवती जे बुडबुडे उठतात ते तेलाचे नसून वाफेचे असतात. तळणीचे तेल साधारणपणे १७० ते १८० अंश सेल्सिअस तापमानाला असते. पाणी मात्र १०० अंशांनाच उकळते. तुकडीच्या पृष्ठभागावर पाणी शिल्लक आहे तोवर तो पृष्ठभाग १०० अंशांच्या फारसा वर जाऊ शकत नाही आणि तोवर मासळी तळली जात नाही, उकडली जाते. पृष्ठभाग कोरडा झाला की त्याचे तापमान झपाट्याने वाढते. सुमारे १४० अंशांच्या पुढे प्रथिने व शर्करा यांच्यातील ती प्रसिद्ध अभिक्रिया वेग घेते, जिचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये केले. सोनेरी-तांबूस रंग, खमंग वास आणि कडक कवच ही तिचीच देणगी होय.

आता थोडे गणित. शंभर ग्रॅम पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास सुमारे ७ किलोकॅलरी उष्णता लागते. तेच पाणी वाफ करून उडवून लावायचे तर आणखी ५४ किलोकॅलरी खर्ची पडतात. ही सारी उष्णता तव्यावरच्या पळीभर तेलातून ओढली जाते, तेल थंड पडते आणि आवरण कडक होण्याऐवजी तेल पिऊन बसते. जे पाणी स्वच्छ फडक्याने पाच मिनिटांत विनामूल्य निघू शकते, ते आचेवर उडवण्यात इंधन, तेल आणि चव या तिन्हींचा तोटा आहे. मासळी धुऊन तशीच ओलीकच्च मसाल्यात घालण्याची सवय ही सर्वांत महाग चूक म्हणावी लागेल.

बोंबील : सर्वांत अवघड परीक्षा

या हिशेबाचे उत्तम उदाहरण म्हणजे कोकण व मुंबई किनाऱ्यावरील बोंबील. शास्त्रीय भाषेत हार्पाडॉन नेहेरियस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या माशाच्या ओल्या वजनात दहापैकी जवळजवळ नऊ भाग पाणीच असते. सुरमई किंवा पापलेट यांच्या मांसात ते प्रमाण सर्वसाधारणपणे तीन चतुर्थांशाच्या आसपास असते. फरक वरवर लहान वाटतो. पण घन पदार्थाच्या तुलनेत पाहिले तर सुरमईत एक भाग मांसाला तीन भाग पाणी, तर बोंबलात एक भाग मांसाला आठ-नऊ भाग पाणी असा हा मामला आहे. बोंबील हातात धरला की लुळा पडतो तो यामुळेच, आणि थेट तव्यावर टाकला तर त्याचा लगदा होतो तोही यामुळेच.

किनाऱ्यावरील गृहिणींनी या अडचणीवर काढलेला उपाय कोणत्याही प्रयोगशाळेने मान तुकवावी असा आहे. डोके, पर व शेपटीचे टोक काढून बोंबील पोटाकडून उभा चिरला जातो, पुस्तकासारखा उघडला जातो आणि मधला मऊ काटा अलगद ओढून काढला जातो. त्यावर मीठ चोळून तो स्वच्छ सुती फडक्यावर एका थरात पसरतात, वर दुसरे फडके घालतात आणि त्यावर पाटा किंवा पाण्याने भरलेले पातेले ठेवतात. मिठामुळे पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते आणि वजनामुळे ते फडक्यात उतरते. अर्ध्या तासाने फडके पिळावे व पुन्हा तेवढाच वेळ दाब द्यावा. वजन समान बसणे महत्त्वाचे. एका बाजूला कललेल्या पाट्याखालचा बोंबील निम्मा चिरडतो आणि निम्मा ओला राहतो. हवा उष्ण असेल तर हा दाब उघड्यावर न देता शीतकपाटात द्यावा, कारण मधला तासभर जिवाणूंनाही तेवढाच अनुकूल असतो.

दाबून झाल्यावर वाटणाची घाई होते आणि केलेले काम वाया जाते. आले, लसूण, मिरची व कोथिंबीर यांचे सैलसर वाटण लावले की काढलेले पाणी परत आलेच. वाटण घट्ट हवे आणि त्याचा लेप पातळ हवा. आंबटपणासाठी कोकमाचे आगळ किंवा लिंबाचा रस थेंबाथेंबानेच घालावा. आम्लामुळे मांसातील प्रथिने घट्ट होतात, वास कमी होतो, तुकडी तव्यावर आकार धरून ठेवते. पण आंबटात तासन् तास पडून राहिलेली मासळी पांढुरकी व भुसभुशीत होते. पंधरा-वीस मिनिटे पुरेशी आहेत.

याच माशाचे दुसरे रूप म्हणजे सुका बोंबील. तेथे पाणी काढण्याचे काम फडक्याऐवजी ऊन व वारा करतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबू व दोरांच्या उंच मांडवांवर टांगले जातात आणि परंपरेने बिनमिठाचेच वाळवले जातात. कीटकांच्या दृष्टीने हा प्रवास फार बोलका आहे. पहिले एक-दोन दिवस, म्हणजे पृष्ठभाग ओला असेतो, धोका असतो तो निळ्या-हिरव्या चकाकीच्या मांसमाश्यांचा. क्रायसोमिया प्रजातीतील या माश्या कल्ले, तोंड व चिरलेल्या जागी अंडी घालतात आणि उष्ण हवेत साधारण एका दिवसात त्यांतून अळ्या निघतात. पृष्ठभाग कोरडा पडला की माश्यांना तेथे रस उरत नाही. मग पाळी येते भुंगेऱ्यांची : सुकी मासळी व कातडी कुरतडणारा, केसाळ अळीचा डर्मेस्टिस आणि लाल पायांचा, निळसर चमकणारा नेक्रोबिया. कोणता कीटक येणार हे जणू माशातील पाणीच ठरवते. पावसाळ्यात सुका बोंबील दमट हवेतले पाणी शोषून घेतो, तेव्हा तर बुरशीही या पंगतीत येऊन बसते. घरच्या साठवणीसाठी खडखडीत वाळलेली मासळी पुन्हा एकदा कडक ऊन दाखवून, थंड करून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे आणि अधूनमधून उघडून पाहणे, एवढे पुरते. काही ठिकाणी सुक्या मासळीवर कीटकनाशक फवारण्याची प्रथा आढळून आली आहे. तिचा निषेधच करावयास हवा. फवारलेले विष धुऊन किंवा तळून निघून जाईल हा समज निराधार आहे.

आवरण कशासाठी

आवरणाचे काम दुहेरी आहे. ते तुकडीच्या पृष्ठभागावरचे उरलेसुरले पाणी टिपते आणि स्वतः कोरडे होऊन कवच बनते. देशभरातील पद्धती या कसोटीवर तपासून पाहणे मनोरंजक ठरते. बंगालमध्ये रोहू किंवा कटल्याच्या तुकड्यांना केवळ हळद व मीठ लावून त्या कडकडीत तापलेल्या मोहरीच्या तेलात तळल्या जातात. तेथे माशाची स्वतःची कातडी हेच कवच. अमृतसरी पद्धतीत ओवा घातलेल्या बेसनाचा जाडसर लेप असतो, म्हणून ती मासळी भरपूर तेलात बुडवूनच तळावी लागते. तव्यावर तो लेप आतून कच्चा राहतो. केरळात मिरची, हळद व आल्या-लसणाचा घट्ट लेप तव्यावर जवळजवळ भाजून काढतात. कोकण-गोव्यात तांदळाचे पीठ आणि रवा यांचे राज्य आहे.

तांदळाच्या पिठात गव्हासारखे चिवट ग्लुटेन नसते, त्यामुळे त्याचे कवच चिवट न होता ठिसूळ होते. रव्याचे दाणे मोठे असल्याने दाण्यांमधून वाफ निसटून जायला वाट मिळते आणि दाताखाली कुरकुर येते. नुसता रवा लवकर गळून पडतो आणि नुसते पीठ गुळगुळीत बसते. दोन वाट्या बारीक रव्यास एक वाटी तांदळाचे पीठ हे मिश्रण बहुतेकांना मानवेल. लावायचे कधी, हा प्रश्न मात्र प्रमाणापेक्षा महत्त्वाचा आहे. रव्यात घोळवलेली तुकडी दहा मिनिटे बाजूला राहिली तरी रवा पाणी पिऊन फुगतो आणि त्याची पेज व्हायला लागते. तवा तापल्यावर घोळवावे, जास्तीचे झटकावे आणि लगेच सोडावे. चिमूटभर रवा तेलात टाकताच फसफसला तर तेल तयार आहे असे समजावे. एका वेळी तव्यावर निम्म्याहून अधिक जागा भरू नये, आणि खालची बाजू कडक होऊन आपसूक सुटेपर्यंत उलथने लावू नये. तुकडी चिकटते ती बहुतेक वेळा उतावळेपणामुळे.

उतरवलेली मासळी कागदावर एकावर एक रचली की खालच्या तुकडीची वाफ वरच्या तुकडीच्या कवचात शिरते. ती जाळीवर, एका थरात, न झाकता ठेवावी. विक्रीसाठी बांधून देताना डब्याच्या झाकणाला भोके असणे हे मसाल्याइतकेच आवश्यक आहे.

रव्याच्या डब्यातले भाडेकरू

आवरण बिघडण्याचे एक कारण तव्यापासून दूर, फळीवरच्या डब्यात दडलेले असते. पावसाळ्यात उघडलेल्या रव्याच्या डब्यात गाठी दिसतात. त्या नुसत्या ओलीच्या नसतात. बोटाने उकलल्या तर रेशमी धागे ताणले जातात. हे काम कॉर्सिरा सेफॅलोनिका या तांदळावरील पतंगाच्या अळीचे. कृषी विस्तार कार्यकर्त्यांना हा पतंग निराळ्या नात्याने परिचित आहे. ट्रायकोकार्डवर चिकटवलेली अंडी त्याचीच असतात आणि त्यांच्यावर ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक वाढवला जातो. प्रयोगशाळेत उपकारक ठरणारा हा पतंग स्वयंपाकघरात मात्र रव्याच्या जाळीदार गुठळ्या करून ठेवतो.

दुसरा भाडेकरू म्हणजे पिठातील तांबडा भुंगेरा, ट्रायबोलियम कॅस्टेनियम. अखंड दाणा फोडण्याची ताकद याच्या जबड्यांत फारशी नसते. फुटका दाणा, रवा व पीठ हेच त्याचे खाद्य. उष्ण हवेत महिन्याभरात त्याची एक पिढी पूर्ण होते. संख्या वाढली की तो क्विनोन वर्गातील द्रव्ये सोडतो, पिठाला उग्र दर्प येतो आणि रंगही गुलाबीसर होतो. असा रवा चाळून किडे काढले तरी दर्प जात नाही आणि गरम तेलात तो अधिकच जाणवतो. त्याला तव्यावर स्थान देऊ नये. रव्यात सोंडकिडा दिसला तर त्याचा अर्थ वेगळा आहे. त्याच्या मादीला अंडी घालण्यासाठी दाण्याला भोक पाडावे लागते, बारीक रव्यात तिला ते जमत नाही. तो किडा बहुधा शेजारच्या गव्हाच्या किंवा तांदळाच्या डब्यातून आलेला असतो, आणि शोधही तेथेच घ्यावा.

किडे व अळ्या स्वतःच्या श्वसनातून उष्णता व बाष्प बाहेर टाकतात, म्हणजे किडलेला रवा आपोआप अधिक दमट होत जातो आणि दमट रव्याचे कवच कुरकुरीत होत नाही. आजीच्या पिढीची रवा भाजून ठेवण्याची रीत येथे शंभर टक्के शास्त्रशुद्ध ठरते. मंद आचेवर परतताना रवा ६० अंशांच्या पुढे गेला की काही मिनिटांत किडींच्या सर्व अवस्था, अगदी अंडीसुद्धा, नष्ट होतात आणि ओलावाही उतरतो. भाजलेला रवा पूर्ण निवल्यावरच डब्यात भरावा. कोमट भरला तर झाकणाखाली जमलेले थेंब सारी मेहनत वाया घालवतात. ज्यांच्याकडे उणे १८ अंशांचे शीतकपाट आहे त्यांनी रव्याची बंद पिशवी चार दिवस त्यात ठेवली तरी हेच साधते.

यासंदर्भात एक इशारा टाळता येणार नाही. धान्याच्या कोठीत वा राहत्या घरात अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ठेवण्याचा प्रकार ग्रामीण भागात अजून घडतो. हवेतील बाष्पाशी संयोग होताच या गोळ्यांतून फॉस्फीन हा प्राणघातक वायू निघतो आणि झोपलेल्या कुटुंबावर तो घाला घालू शकतो. त्यांचा वापर कायद्याने शासकीय यंत्रणा व अधिकृत कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केलेला आहे. दोन किलो रव्यासाठी तर त्यांचा विचारही करू नये. कढई आणि मंद आच पुरेशी आहे.

शेततळ्यातील मासे

किनाऱ्यापासून दूरच्या वाचकांच्या हाती बोंबील क्वचितच येईल. रोहू, कटला, मृगळ व तिलापिया मात्र त्यांच्या तळ्यातच आहेत. तळण्याच्या बाबतीत या माशांच्या दोन अडचणी आहेत. रोहूवर्गीय माशांच्या मांसात इंग्रजी वाय आकाराचे बारीक काटे विखुरलेले असतात. तुकडीच्या कातडीकडून तीन-चार मिलिमीटर अंतरावर धारदार सुरीने समांतर चिरा दिल्या की हे काटे तुकड्या-तुकड्यांत कापले जातात, गरम तेल त्यांच्यापर्यंत पोहोचते आणि ते ठिसूळ होतात. चिरांमुळे वाफेलाही वाट मिळते, म्हणजे कवचाचाही फायदाच.

दुसरी अडचण चिखलासारख्या वासाची. पहिल्या पावसानंतर दरवळणारा मृद्गंध ज्या जिओस्मिन या संयुगामुळे येतो, तेच नील-हरित शेवाळ व काही जिवाणू तळ्यात तयार करतात. माशाच्या कल्ल्यांतून ते शरीरात जाते व चरबीत साठते. एका लिटर पाण्यात काही नॅनोग्रॅम इतक्या अत्यल्प प्रमाणातही मानवी नाकाला ते कळते. कीटकांची या गंधाबाबतची मते मात्र परस्परविरोधी आहेत. पिकल्या केळ्यांभोवती घोंघावणारी ड्रोसोफिला माशी तो येताच दूर पळते, हे २०१२ मध्ये दाखवले गेले. तर मातीतील चिमुकले स्प्रिंगटेल त्याच गंधाच्या मागावर जिवाणूंपर्यंत पोहोचतात, हे २०२० मध्ये. कवितेत गोड वाटणारा हा मृद्गंध ताटातल्या माशाला आला की ग्राहक पुन्हा फिरकत नाही. कितीही मसाला घातला तरी तो पूर्ण झाकत नाही. खरा उपाय तळ्याच्या काठावर आहे : विक्रीपूर्वी मासे काही दिवस स्वच्छ, खेळत्या पाण्याच्या टाकीत बिनखाद्याचे ठेवावेत. लिंबू किंवा कोकमाच्या आम्लाने उरलेला वास बऱ्याच अंशी मावळतो.

जे तेलात जळत नाही

तळल्याने जिवाणू मरतात, म्हणून थोडी शिळी मासळी तळून खपवावी, हा हिशेब अंगलट येणारा आहे. बांगडा, तारली व कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासळी उन्हात किंवा बर्फाविना राहिली की काही जिवाणू त्यापासून हिस्टामिन तयार करतात. ते जिवाणू तव्यावर मरतात. त्यांनी तयार केलेले हिस्टामिन मात्र उष्णतेला दाद देत नाही. अशी मासळी खाल्ल्यावर काही मिनिटांत ते एक-दोन तासांत चेहरा लाल होणे, अंगावर पित्त उठणे, डोके ठणकणे, मळमळणे असे त्रास सुरू होतात आणि लोक त्याला माशाची अॅलर्जी समजतात. जिभेला तिखटाव्यतिरिक्त विचित्र चुणचुण जाणवली तर घास तेथेच थांबवावा. लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे. मासळी पकडल्यापासून चिरेपर्यंत तिच्या वजनाइतका बर्फ हाच यावरचा उपाय होय.

बाजारात माशी बसते की नाही यावरून मासळीची परीक्षा करणारेही पुष्कळ आहेत. माशी बसत नाही म्हणून मासळी ताजी, किंवा माशी बसत नाही म्हणून तिच्यावर रसायन मारलेले, हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. बर्फाखालच्या मासळीचा वास मंद असतो, तिच्यावरही माश्या कमीच येतात. कल्ल्यांचा लाल रंग, फुगीर व स्वच्छ डोळा, बोटाने दाबताच परत वर येणारे मांस आणि समुद्राचा किंवा तळ्याचा हलका वास, या खुणा अधिक भरवशाच्या.

तेलाविषयी थोडक्यात सांगायचे तर, मासळीचे तेल मासळीतच संपवावे. पुनःपुन्हा तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे वाढत जातात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्यांची कमाल मर्यादा २५ टक्के ठरवून ती १ जुलै २०१८ पासून लागू केली आहे. घरी मोजमापाचे साधन नसते. तेल काळवंडले, घट्ट झाले, फेस धरू लागले की ते मोरीत न ओतता वेगळे साठवावे. बचत गटांनी ते जैवइंधनासाठी वापरलेले तेल घेणाऱ्या अधिकृत संकलकास द्यावे.

राहता राहिला परातीत उरलेला रवा. तुकड्या घोळवून झाल्यावर तळाशी वाटीभर तरी रवा शिल्लक राहतो आणि टाकवत नाही म्हणून तो पुन्हा डब्यात जातो. त्यात माशाचे पाणी, मीठ व प्रथिने मिसळलेली असतात. जिवाणूंना, तांबड्या भुंगेऱ्याला आणि मुंग्यांना याहून चांगले निमंत्रण नाही. घोळवण्यासाठी रवा थोडा थोडाच काढावा, आणि तरीही उरला तर तो खताच्या खड्ड्यात टाकून वर बोटभर मातीचा थर द्यावा, म्हणजे त्यावर माश्या अंडी घालणार नाहीत.